मास्तरांची तपासणी

मुंबईला डॉक्टरीचा अभ्यास पुरा करून मी रत्नागिरीला परत आलो आणि बाजाराच्या टोकाला दोन खोल्यांत दवाखाना थाटला, त्याला तेव्हा तीनेक वर्षं झाली असतील. साल सत्तावीस की अठ्ठावीस, नक्की आठवत नाही. थंडीचे दिवस होते एवढं मात्र आठवतं. एका दुपारी रोगी निघून गेल्यावर माझ्या जुन्या मास्तरांची सून दवाखान्यात आली. एकटीच आली. त्या काळी आमच्याकडे घरंदाज बाई एकटी दवाखान्यात येत नसे, म्हणून मी घाईने उठून उभा राहिलो.

"वहिनी, कोण आजारी आहे?"

"आजारी असं कोणी नाही." तिने पदर सारखा केला. "मामंजींना एकदा बघून जाल का? त्यांचं काहीतरी बिनसलंय. डोक्याचं."

हे ऐकून मला रागच आला, आणि तो का आला ते सांगायला हवं. मास्तरांनी मला चार वर्षं शिकवलं होतं. चौथीनंतर वडील मला दुकानात बसवायला निघाले, तेव्हा मास्तर आमच्या ओटीवर येऊन बसले आणि वडील "बरं, शिकू दे" म्हणेपर्यंत उठले नाहीत. मी डॉक्टर झालो तो त्या एका बसण्यामुळे. तीस वर्षं त्यांनी गावच्या पोरांना शिकवलं. आता पेन्शनीत होते. बायको चार वर्षांपूर्वी गेली होती. मुलगा मुंबईला छापखान्यात नोकरीला, वर्षातून एकदा मे महिन्यात यायचा. घरात मास्तर आणि ही सून, दोघंच. अशा माणसाच्या डोक्यात काही बिनसलंय असं त्यांच्या सुनेने म्हणावं, हे मला सहन झालं नाही.

"काय करतात?" मी विचारलं.

"परवा अंघोळ करून आले आणि ओल्या पंच्यावरच कोट चढवून बसले. जेवून उठले की थोड्या वेळाने विचारतात, आज पानं मांडायची नाहीत का. शेजारी ऐकू जातं ते. लोकांना वाटतं मी उपाशी ठेवते."

"वय झालं, वहिनी. सत्तरीला आल्यावर माणूस विसरायचाच."

"विसरणं मला कळतं," ती म्हणाली. "हे विसरणं नव्हे." मग शब्द जुळवत म्हणाली, "त्यांना पुढचं सापडत नाही. एक गोष्ट हातात घेतली की तिच्या पुढची."

हे वाक्य मी तेव्हा कानाआड केलं. आजतागायत मी जी वैद्यकाची पुस्तकं वाचली, त्यांत या दुखण्याचं याहून नेमकं वर्णन मला मिळालेलं नाही.

रविवारी चार वाजता मी त्यांच्याकडे गेलो. घर समुद्राकडे उतरणाऱ्या पायऱ्यांच्या पाखाडीवर, जांभ्या चिऱ्यांचं, आटोपशीर. मागे गोठा आणि दहाबारा माड. मास्तर ओटीवर कोट-टोपी घालून ताठ बसले होते. मी वाकून नमस्कार केला, तसे माझ्या वडिलांचं नाव घेऊन म्हणाले, "त्यांचा तू धाकटा. डॉक्टर झालास म्हणे. बस."

माझा जीव भांड्यात पडला. त्यांनी मला ओळखलं होतं. आवाज तोच, नजर तीच. तरी आलोच आहे तर दोन प्रश्न विचारावेत म्हणून मी चाचरत सुरुवात केली.

"मास्तर, आज वार कोणता?"

"का रे? तुझ्या दवाखान्यात पंचांग नाही?"

"आणि तिथी?"

"परीक्षा कोणाची आहे, तुझी की माझी? साडेतीनाची औटकी म्हण बघू."

मी हसलो आणि म्हणू लागलो. औट सत्ते साडेचोवीसपर्यंत निभावलं, नवापाशी अडखळलो. मास्तरांनी मान हलवली आणि तिथून पुढे स्वतः धरून शेवटापर्यंत न थांबता म्हणून दाखवली. मग जिल्ह्यातल्या नद्या, सावित्रीपासून तेरेखोलपर्यंत, उत्तरेकडून दक्षिणेकडे, एकही न गाळता. विलायतेच्या गादीवर कोण आहे असं विचारल्यावर म्हणाले, "राणीचा मुलगा." राणीचा मुलगा जाऊन बरीच वर्षं झाली होती, नातू गादीवर होता. पण म्हाताऱ्या माणसाची जीभ घसरली असेल म्हणून मी सोडून दिलं.

सून आतल्या दाराशी उभी होती. ती हळूच म्हणाली, "सकाळी काय जेवले ते विचारा ना त्यांना."

"सूनबाई, पाहुण्यांना चहा आणा," मास्तर म्हणाले. मीही तिच्याकडे जरा रोखूनच पाहिलं. ती आत गेली. चहा आणून ठेवला आणि पुन्हा बाहेर आली नाही.

परतताना पाखाडी चढता चढता माझं मत पक्कं झालं होतं. नवरा लांब, पोरबाळ नाही, म्हाताऱ्याचं करता करता पोरगी कंटाळली आहे. आठवड्याभराने मुलाचं मुंबईहून पत्र आलं. बायकोने त्याला कळवलं होतं आणि तो मला खरं काय ते विचारत होता. मी उलट टपालाने लिहिलं, "तुझ्या वडिलांची बुद्धी तुझ्यामाझ्याहून तल्लख आहे. मी स्वतः तपासलं. वहिनींना एकटेपणाचा त्रास होत असावा. थोडं धीराने घ्या असं त्यांना सांग." खाली ऐटीत सही केली.

त्यानंतर ती दवाखान्यात आली नाही. एकदा बाजारात समोरून येताना दिसली. मी थांबलो, पण ती मान खाली घालून निघून गेली.

वैशाखात एका संध्याकाळी, अजून चांगला उजेड असताना, कोणीतरी धावत सांगत आलं की मास्तरांच्या घरी आग लागली. मी पिशवी उचलून पळत गेलो. गोठा पेटला होता. शेजाऱ्यांनी रहाटावरून पाणी आणून घराकडची बाजू भिजवली होती, म्हणून घर वाचलं. गोठ्याचं छप्पर आत कोसळलं होतं. गाय आगरात माडाला टेकून थरथरत होती. तिच्याजवळ जमिनीवर सून बसली होती, दोन्ही हात पुढे धरून. गायीचं दावं सोडवताना तिचे दोन्ही पंजे भाजले होते. उजव्या तळव्याची कातडी सुटली होती.

मास्तर ओटीवर उभे राहून धुराकडे बघत होते. मला पाहून हळहळत म्हणाले, "कोणाकडे लागली रे?"

संध्याकाळी गोठ्यात धुरी करायची मास्तरांची जुनी सवय. नारळाचं सोडण चुलीत पेटवायचं, घमेल्यात ठेवायचं, वर ओला पाला टाकायचा. धुराने डास जातात. सून विहिरीवर गेली होती तेवढ्यात त्यांनी सोडण पेटवलं. गोठ्यात नेलं. मग घमेलं आणि पाला त्यांना सुचला नाही. पेटतं सोडण त्यांनी पेंढ्यावर ठेवलं आणि ते परत आले.

मी चुन्याची निवळी आणि जवसाचं तेल घोटून तिच्या हातांना लावलं आणि दोन्ही हात मनगटापर्यंत बांधले. पट्टी गुंडाळताना मी विचारलं, "वहिनी, मला बोलावलं का नाहीत पुन्हा?"

"तुमचं पत्र ह्यांनी मला पाठवलं," ती म्हणाली. "मला वाचता येतं. लग्न होऊन आले तेव्हा येत नव्हतं. मामंजींनी मागच्या पडवीत बसवून शिकवलं, लोक हसत होते तरी."

एवढंच. मी मान खाली घालून पट्टीची गाठ मारली.

शेजारच्या काकूंनी स्वयंपाकपाणी अंगावर घेतलं. मी रोज सकाळी पट्ट्या बदलायला जाऊ लागलो. चौथ्या दिवशी जरा लवकर गेलो. मास्तर न्हाणीत उभे होते. कमरेला पंचा, हातात पाण्याने भरलेला तांब्या. समोरच्या घंगाळातलं पाणी निवून गेलं होतं.

"केव्हापासून उभे आहेत?" मी विचारलं.

"काकू पाणी काढून गेल्या तेव्हापासून," सून आतून म्हणाली.

मी न्हाणीपाशी गेलो. "मास्तर, अंघोळ करा ना."

"करतो आहे ना," ते म्हणाले. हात हलला नाही.

मी पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच उत्तर, तितकंच शांत. मग ती आली. बांधलेले हात छातीशी धरून, न्हाणीकडे पाठ करून भिंतीपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "मामंजी, तांब्या डोक्यावर."

तांब्या वर गेला.

"ओता. आता परत भरा. उजव्या खांद्यावर. आता डाव्या." अशी ती एकेक सांगत गेली आणि मास्तर एकेक करत गेले. आवाज चढवला नाही, घाई केली नाही. मध्येच तिने सांगायचं थांबवलं, कारण तिला खोकला आला. तेवढा वेळ मास्तर तसेच थांबले, भरलेला तांब्या हातात धरून.

एरवी पुढची तयारी तिच्या हातांची असायची. आता ते हात नव्हते, म्हणून मला सगळं उघडं दिसलं. धोतर दिलं तर मास्तरांनी खांद्यावर टाकलं. मी कमरेला गुंडाळून निरीची पहिली घडी त्यांच्या बोटांत दिली, तर पुढच्या निऱ्या बोटांनी आपोआप घातल्या, माझ्याहून सुबक. देवापुढे बसायला जाताना कोनाड्यातली राखुंडी घेऊन कपाळाला लावू लागले. "ते दातांचं, मामंजी," ती म्हणाली, आणि त्यांनी मुकाट्याने डबी खाली ठेवली. पानात भात आणि आमटी वाढली तर नुसता भात खात राहिले. वाटी पुढे सरकवून भातावर ओतली तेव्हा कुठे आमटी पोटात गेली.

मास्तर ओटीवर जाऊन बसल्यावर मी विचारलं, "हे रोज असं?"

"दोन वर्षं होतील. आधी थोडं होतं."

"मग मी आलो त्या रविवारी ते इतके कसे..."

"सकाळपासून चार वेळा सांगितलं होतं त्यांना, कोण येणार, कोणाचा मुलगा. कोट मी घातला, टोपी मी ठेवली." ती खिन्न हसली. "तुमच्यापुढे त्यांची शोभा होऊ नये असं वाटलं मला. तुम्ही त्यांचे विद्यार्थी. तिथेच माझं चुकलं."

चूक तिची नव्हती. त्या रविवारी मास्तरांनी जे जे बरोबर सांगितलं ते सगळं तीस-चाळीस वर्षांपूर्वीचं होतं. त्या दिवसाचं असं एकही उत्तर त्यांनी दिलं नव्हतं. वार विचारला तर मला टोमणा मारला, तिथी विचारली तर मलाच परीक्षेला बसवलं, आणि मी परीक्षेला बसलोही. डॉक्टर म्हणून त्या ओटीवर मी चढलोच नव्हतो.

मी दौत आणि कागद मागवला. म्हटलं, "सांगा. पहाटे उठल्यापासून निजेपर्यंत. मी लिहितो."

ती सांगत गेली. उठल्यावर दार कुठलं ते कळत नाही, म्हणून परसाकडच्या दाराला तिने लाल चिंधी बांधली आहे. चूळ भरायला सांगितली नाही तर पाणी पितात. एकटे बाहेर गेले की शाळेच्या वाटेला लागतात, आणि शाळा आता दुसऱ्या जागी असल्याने वाटेत उभे राहतात. दिवेलागणीला घाबरतात, "माझ्या घरी पोचवा" म्हणतात. त्या वेळी पाढे म्हणायला लावले की शांत होतात. मी लिहीत होतो. कागद भरत आला तेव्हा ती म्हणाली, "त्यांना येतं तेही लिहा."

"काय?"

"तांदूळ निवडायला दिले तर दुपारभर निवडतात, एक खडा राहत नाही. झावळं विणतात. गायीला ओळखतात. मला वाईट शब्द एकदाही बोलले नाहीत. हेही ह्यांना कळू दे."

तेही लिहिलं. शेवटी माझ्याकडून दोनच ओळी घातल्या: मागचं माझं पत्र चुकीचं होतं, आणि वहिनींनी कळवलेलं अक्षर न अक्षर खरं आहे. पावसाळ्यासाठी आगबोटी बंद व्हायला तेव्हा पंधरा-वीस दिवस उरले होते.

पत्र टाकल्यापासून बाराव्या दिवशी मुलगा आला. मी बंदरावर गेलो होतो. आगबोट लांब उभी राहिली आणि उतारू पडावांतून काठाला आले. तो चपला हातात घेऊन पाण्यातून चालत आला आणि पहिला प्रश्न केला, "तिचे हात कसे आहेत?" मला बरं वाटलं.

पण संध्याकाळी तो दवाखान्यात आला तेव्हा गोंधळलेला होता. "डॉक्टर, बाबा तर छान बोलतायत. प्रवास कसा झाला, समुद्र खवळलेला नव्हता ना, सगळं विचारलं."

"तुला नावाने हाक मारली?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"उद्या सकाळी अंघोळ तू घाल," मी म्हटलं. "धोतर तू नेसव, जेवायला तू वाढ. वहिनींना शेजारी काकूंकडे पाठव. त्या घरात राहिल्या तर न बोलता राहणार नाहीत."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो आला आणि रोगी बसतात त्या बाकावर बसला. टोपी काढून मांडीवर ठेवली. सदऱ्याच्या बाह्या अजून ओल्या होत्या.

"अकरा वाजले," तो म्हणाला. "नुसत्या अंघोळीला. मी ओरडलो त्यांच्यावर. मग ते हात जोडून मला म्हणाले, आपण कोण? घरात बाईमाणूस एकटी असते, आपण इथे येणं बरं नव्हे." तो टोपीची कड बोटाने दाबत राहिला. "तिने मला पाच पत्रं लिहिली होती, डॉक्टर. पाच. मी तुमचं एक खरं मानलं."

मी एक कोरडा पंचा त्याच्यापुढे ठेवला.

आगबोटी बंद झाल्या तरी तो गेला नाही. छापखान्याने श्रावणापर्यंत वाट पाहिली आणि त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला. मग त्याने इथेच एका वकिलाकडे कारकुनी धरली. पगार मुंबईच्या निम्माही नव्हता. सुनेचे हात भरून आले. उजव्या हाताची दोन बोटं मात्र पुढे नीट मिटली नाहीत. सकाळची अंघोळ मुलाकडे गेली, आणि हळूहळू त्यालाही तो आवाज जमला, न चढणारा.

पुढच्या उन्हाळ्यात एकदा मी मास्तरांना बघायला गेलो असताना ती मागच्या पडवीत कोकमं पसरत होती. किती तरी दिवस मनात घोळत होतं ते मी बोलून टाकलं. "वहिनी, मी तुमचा मोठा अपराध केला आहे."

"होय," ती म्हणाली. नाही, जाऊ द्या, असं काही म्हणाली नाही. हातातली कोकमं पसरून झाली, मग म्हणाली, "दर गुरुवारी ह्यांना वकिलांबरोबर राजापूरच्या कोर्टात जावं लागतं. पहाटेच निघतात. आणि मला आता चौथा महिना आहे, वाकून घंगाळ उचलवत नाही. तेवढी गुरुवारची सकाळ तुम्ही याल का?"

मी गेलो. पहिल्या गुरुवारी माझ्या हातून तांब्या निसटला. मास्तर दचकले आणि न्हाणीतून निघून जाऊ लागले. ती भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिने मला सांगितलं, "तुम्ही पाणी आधी त्यांच्या हातावर घाला. ऊन आहे की गार ते हाताला कळू दे. मग डोक्यावर." मी तसं केलं. पुढे ती बाळंतपणाला मालगुंडला माहेरी गेली, तेव्हा त्या दोन-तीन महिन्यांत आठवड्याच्या चार सकाळी अंघोळ मी घातली आणि तीन मुलाने. दवाखाना नऊऐवजी दहाला उघडू लागला. लोक कुरकुरले, मग सवय झाली.

त्या दिवसांत दवाखान्यात कोणी म्हातारं माणूस घेऊन आलं, की मी त्यांना घरी परत पाठवी आणि सांगे, उद्या सकाळी मीच येतो. गेलो की काही विचारत नसे. चुलीपाशी किंवा विहिरीपाशी बसून राही. घरातल्या करणाऱ्या बाईचं बोलणं आधी ऐकून घेई. त्यात वेळ जाई आणि फी मागायला लाज वाटे, पण दुसरा मार्ग मला माहीत नव्हता.

मास्तर शेवटच्या हिवाळ्यात फारसं बोलत नसत. पाढेही गेले होते. एका गुरुवारी पाणी घालताना घंगाळ कलंडलं आणि मीच डोक्यापासून भिजलो. सदऱ्यातून पाणी निथळत होतं. मी काही सांगायच्या आत मास्तरांनी खुंटीवरचा पंचा ओढला, माझं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि खसाखसा पुसू लागले. मग कान पुसले. मान पुसली. पंचा पिळला, झटकला आणि पुन्हा खुंटीवर टाकला. एकामागून एक, मध्ये कुठेही न थांबता. मग माझ्याकडे पाहिलं. ओळख नव्हती त्या नजरेत. थंडीने कुडकुडणारं एक कोणतं तरी पोर त्यांना दिसत असावं.

माघात एका दुपारी जेवून झोपले ते उठले नाहीत. तिरडीला पुढून मुलगा आणि मी खांदा दिला. सून बाळाला कडेवर घेऊन पाखाडीच्या वरच्या पायरीपर्यंत आली, आणि आम्ही वळणाआड जाईपर्यंत तिथेच उभी होती.